हीटर चालू असताना रडारने दाखवलेली इलेक्ट्रॉन घनता खरी मानायची का?

मांडवीकाठ

नमस्कार. ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, एमएस्सीचा प्रकल्प करतेय. विषय आहे जोरदार लघुलहरींनी तापवलेलं आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित भाग) रडारला कसं दिसतं. डेटा नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचा, ईस्कॅट या रडार संस्थेच्या संग्रहातला.

मांडणी अशी. हीटर (आयनांबर तापवणारा जमिनीवरचा प्रक्षेपक) ५.४२३ मेगाहर्ट्झवर, ओ-मोड (तरंगाच्या दोन ध्रुवणांपैकी एक, दुसरं एक्स-मोड), ४ मिनिटं चालू आणि ४ मिनिटं बंद. यूएचएफ रडार ९३० मेगाहर्ट्झ, बीम चुंबकीय क्षेत्ररेषेच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे झुकलेला, उन्नयन साधारण ७८ अंश. बीटा कोड (रडारच्या स्पंदांची मांडणी), ५ सेकंदांचे डंप (एकेक नोंद ५ सेकंदांची), विश्लेषण गुइसडॅप या प्रोग्रामने. आयनोसाँडवरून (सरळ वर लहरी सोडून थर तपासणारं उपकरण) एफ-२ थराची क्रांतिक वारंवारता (सरळ वर गेलेली लहर ज्या कमाल वारंवारतेपर्यंत परतते ती) सगळा वेळ ५.८ मेगाहर्ट्झच्या वरच होती, म्हणजे हीटरचा तरंग परावर्तित होत होता यात शंका नाही.

अडतंय ते चार ठिकाणी.

हीटर चालू झाल्यावरच्या पहिल्याच डंपमध्ये २३० किमीच्या आसपास दोनतीन गेटमध्ये (उंचीच्या कप्प्यांत) घनता एकदम तिप्पट-चौपट होते. पुढच्या दोनतीन डंपमध्ये ती उतरते.

त्यानंतर नुसत्या परतलेल्या शक्तीवरून काढलेली घनता २०० ते ३०० किमीमध्ये जवळजवळ एक-तृतीयांशाने घटलेली दिसते. पूर्ण फिट (सगळ्या स्पेक्ट्रमला बसवलेलं गणित) मात्र म्हणतो घनता आहे तिथेच आहे, इलेक्ट्रॉन तापमान २००० केल्व्हिनवरून ३५०० वर गेलंय.

काही चक्रांत ३५० ते ५०० किमीपर्यंत घनता जवळपास दुप्पट दिसते, हीटर चालू असेपर्यंत टिकते आणि बंद करताच पुढच्या डंपमध्ये गायब.

आणि व्हीएचएफ रडार (२२४ मेगाहर्ट्झ, सरळ वर) चालू होता तेवढ्या वेळात तोच पहिला वाढीव प्रतिध्वनी यूएचएफपेक्षा ५-६ किमी वर दिसतो. दोन्ही रडारच्या वेळेत गडबड असेल का?

यातलं खरं काय आणि टाकून काय द्यायचं? शेवटचा एक प्रश्न, तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारणारच म्हणून: बांबोळीला आकाशवाणीचा २५० किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक आहे. मग त्यानेही आपल्या डोक्यावरचं आयनांबर तापतं का?


शून्यडेसिबल

चारही निरीक्षणं बरोबर आहेत, पण ती चार वेगळ्या गोष्टींची आहेत. त्यांना एकाच ‘घनता’ नावाच्या रकान्यात घातल्यामुळे गोंधळ झालाय.

आधी हे लक्षात घ्या की रडार घनता मोजत नाही. तो आपल्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या लहरी किती जोरात आहेत तेवढंच मोजतो. ९३० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३२.२ सेंमी, म्हणून तुमचा रडार फक्त १६.१ सेंमी लांबीच्या आणि बीमच्या दिशेनेच जाणाऱ्या प्लाझ्मा लहरी बघतो. या लहरी निव्वळ उष्णतेच्या खळबळीतून आलेल्या असतील, तर त्यांच्या स्पेक्ट्रमवरून घनता, इलेक्ट्रॉन तापमान, आयन तापमान आणि वेग काढता येतो. गुइसडॅपच्या मुळाशी हेच गृहीतक आहे. हीटर नेमकं तेच मोडतो.

पहिलं निरीक्षण घ्या. परावर्तनाच्या उंचीजवळ पंप तरंग (म्हणजे हीटरचा तरंग) फुटून त्याची एक लँगम्युअर लहर (इलेक्ट्रॉनांच्या दोलनाची) आणि एक आयन-ध्वनी लहर (आयनांच्या दाबाची, संथ) होते. याला पॅरामेट्रिक डिके म्हणतात. या लहरी उष्ण पातळीच्या कितीतरी वर जातात. आयन-ध्वनी लहर तुमच्या आयन लाइनच्या (रडारच्या वारंवारतेलगतच्या मुख्य स्पेक्ट्रमच्या) खांद्यावर बसते, शून्यापासून साधारण १० किलोहर्ट्झ दोन्हीकडे. कधी मधोमध, शून्य डॉपलरवरही अणकुचीदार शिखर येतं. ती न सरकणारी, जागीच वाढणारी लहर असते. प्रोग्रामला यातलं काही ठाऊक नाही. जास्त शक्ती आली म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन असणार, असा हिशोब करून तो तिप्पट घनता सांगतो. ते आकडे चुकीचे नाहीत, निरर्थक आहेत. त्या गेटमध्ये त्या डंपपुरती घनता, तापमान, वेग यातलं काहीच वापरू नका.

ओळखायचं कसं? एकेका गेटचा स्पेक्ट्रम उघडून बघा. ऑक्सिजन आयनांचा नेहमीचा स्पेक्ट्रम दोन गोलसर खांद्यांचा, मध्ये खळगा असलेला असतो. बिघडलेल्या गेटमध्ये खांद्याच्या जागी सुई उभी असते आणि बहुधा एक सुई दुसरीपेक्षा उंच असते. फिटचा अवशेष (मोजलेल्या आणि बसवलेल्या स्पेक्ट्रममधला उरलेला फरक) हा दुसरा साक्षीदार. तो १ च्या आसपास हवा. २ च्या वर गेला की त्या गेटवर फुली. मात्र नुसत्या अवशेषावर विसंबू नका. वाढ थोडीच असेल तर फिट ‘छान’ बसतो आणि तापमान मात्र खोटं देतो. म्हणून परावर्तनाच्या उंचीच्या खालीवर १० किमीचा पट्टा नजरेनेच तपासावा.

पहिल्या डंपमधली ती वाढ नंतर कशामुळे उतरते, हेही महत्त्वाचं आहे. या लहरी मिलिसेकंदांत उभ्या राहतात. पुढच्या काही सेकंदांत परावर्तनाच्या काही किमी खाली, अप्पर हायब्रिड अनुस्पंदनाच्या (घनता आणि चुंबकीय क्षेत्र मिळून ठरणाऱ्या) उंचीवर, क्षेत्ररेषांना समांतर असे घनतेचे उभे पट्टे तयार होतात. पंपाची बरीचशी ऊर्जा तिथेच खपते, वर पोचत नाही, आणि वरच्या लहरी उपाशी राहतात. ५ सेकंदांच्या डंपमध्ये हा सगळा चढउतार एकत्र कालवला जातो. तो उलगडायचा असेल तर कच्च्या नमुन्यांपर्यंत जावं लागेल. फक्त तापमान हवं असेल तर चालू झाल्यानंतरचे पहिले दोनतीन डंप सरळ सोडून द्या.

दुसरं निरीक्षण अगदी पाठ्यपुस्तकी आहे आणि तरीही दरवर्षी कोणीतरी त्यात फसतं. परत येणारी शक्ती घनता भागिले (१ + टीई/टीआय) या प्रमाणात असते; टीई म्हणजे इलेक्ट्रॉन तापमान, टीआय म्हणजे आयन तापमान. आयन १००० केल्व्हिनवर धरा. आधी गुणोत्तर २, म्हणजे भाजक ३. तापल्यावर गुणोत्तर ३.५, भाजक ४.५. घनता तसूभरही न बदलता शक्ती ०.६७ पट झाली. तुमची एक-तृतीयांश ‘घट’ ती हीच. एफ थरात हीटरमुळे होणारा खरा घनताबदल बहुतेक वेळा थोड्या टक्क्यांचा असतो आणि मिनिटांच्या गतीने होतो. तेव्हा नुसत्या शक्तीचा आलेख प्रबंधात घालायचाच असेल तर अक्षावर ‘घनता’ लिहू नका, ‘परत आलेली शक्ती’ लिहा.


झुआरीपार

शून्यडेसिबल सरांशी सहमत. चौथ्या मुद्द्याचं उत्तर मी देते, कारण त्यात घड्याळाचा काही दोष नाही. उलट तो ५-६ किमीचा फरक हाच तुमच्या डेटातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

आधी एक खातरजमा करा. दोन्ही आलेखांत उंचीच आहे ना? ७८ अंशांच्या बीमवर २३० किमी उंचीचं अंतर २३५ किमी भरतं. गुइसडॅप उंची देतो, पण कच्च्या डेटावरून स्वतः काढलेल्या चित्रात अंतर असतं. एक आलेख इकडचा आणि एक तिकडचा असेल तर ५ किमी फुकटचे येतात. तुमच्या बाबतीत यूएचएफ खाली दिसतोय, म्हणजे ही चूक झाली असेल तर खरा फरक आणखी मोठा निघेल.

आता भौतिकी. लँगम्युअर लहरीची वारंवारता नुसती प्लाझ्मा वारंवारता (इलेक्ट्रॉन घनतेवरून ठरणारी) नसते, तिच्यात उष्णतेची भर पडते: लहरीच्या वारंवारतेचा वर्ग = प्लाझ्मा वारंवारतेचा वर्ग + ३ × (इलेक्ट्रॉनचा उष्ण वेग भागिले लहरीची लांबी) यांचा वर्ग. पंपाने जन्माला घातलेली लहर साधारण ५.४१ मेगाहर्ट्झची. रडारला मात्र ठरावीक लांबीचीच लहर दिसते. दोन्ही अटी एकदम जिथे जुळतात तीच उंची प्रकाशते.

यूएचएफ: लांबी ०.१६१ मीटर. २००० केल्व्हिनला उष्ण वेग सेकंदाला १७४ किमी. भर येते ३.५ मेगाहर्ट्झ-वर्ग. ५.४ चा वर्ग २९.२, त्यातून ३.५ गेले, उरले २५.७, म्हणजे प्लाझ्मा वारंवारता ५.०७ मेगाहर्ट्झ. घनता परावर्तन पातळीच्या ०.८८ पट.

व्हीएचएफ: लांबी ०.६७ मीटर. भर फक्त ०.२ मेगाहर्ट्झ-वर्ग. घनता परावर्तन पातळीच्या ०.९९३ पट.

तिथे घनतेचा चढ ५० किमीच्या मोजमापाचा धरला (त्याच दराने घनता शून्यावर यायला ५० किमी लागतील असा), तर यूएचएफची उंची परावर्तनाच्या ६ किमी खाली आणि व्हीएचएफची जेमतेम ३५० मीटर खाली येते. फरक साडेपाच किमी. बीटा कोडचा बॉड (सगळ्यात छोटा तुकडा) २० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे पल्ल्याचा विभेद ३ किमी, त्यामुळे हा फरक दोन गेटमध्ये स्वच्छ दिसायला हवा. ५० किमी हा आकडा माझा नको, तुमच्या बंद काळातल्या फिटवरून त्या उंचीचा चढ काढून तो घाला.

याचाच पुढचा धागा असा. तापमान ३५०० वर गेलं की भर वाढते, यूएचएफची उंची आणखी खाली सरकते आणि त्याच वेळी लँडाउ अवमंदनही (इलेक्ट्रॉन लहरीची ऊर्जा खाऊन तिला दाबतात ते) वाढतं. लहरसंख्या गुणिले डिबाय लांबी (प्लाझ्मा ज्या अंतरात विद्युतभार झाकतो ती) हा गुणाकार २००० केल्व्हिनला ०.२१ आहे, त्याच घनतेला ३५०० वर ०.२८ होतो. ०.३ कडे जाताना लहर स्वतःच मरायला लागते. म्हणून चांगलं तापलेलं असताना यूएचएफवर वाढीव प्रतिध्वनी लोपतो आणि व्हीएचएफवर तो रेंगाळतो. ‘यूएचएफवर काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘लहरी नव्हत्या’ असा लावू नका.

प्लाझ्मा लाइनचे (लँगम्युअर लहरींच्या प्रतिध्वनीचे) चॅनेल नोंदले असतील तर तेही बघा. ते रडारच्या वारंवारतेपासून हीटरच्या वारंवारतेइतके दूर, म्हणजे ९३० उणे-अधिक ५.४ मेगाहर्ट्झला असतात. तिथे हीटरच्या आकड्यापासून साधारण १० किलोहर्ट्झ आत शिखर मिळालं की पॅरामेट्रिक डिकेचा पक्का पुरावा. नेमक्या हीटरच्या आकड्यावर मिळालं तर सरांनी सांगितलेली जागीच वाढणारी लहर.


लघुलहरी

पोरी, बांबोळीचं मी सांगतो. आकडेमोड सोपी आहे आणि परीक्षेत फळ्यावर करून दाखवता येईल.

विद्युत क्षेत्र = वर्गमूळ (३० × प्रभावी शक्ती) भागिले अंतर. शक्ती वॅटमध्ये, अंतर मीटरमध्ये.

ट्रॉम्सो: १२ प्रक्षेपक प्रत्येकी ८० किलोवॅट धर, मोठ्या अ‍ॅरेची (अँटेनांच्या संचाची) लब्धी म्हणजे गेन ३० डेसिबल, म्हणजे प्रभावी शक्ती जवळपास १ गिगावॅट. ३०० किमीवर क्षेत्र येतं ०.५८ व्होल्ट प्रति मीटर.

बांबोळी: २५० किलोवॅट, पडदा अँटेनाची लब्धी १८ डेसिबल धरली तर प्रभावी शक्ती १६ मेगावॅट. पण प्रसारणाचा झोत दूरच्या श्रोत्यांसाठी असतो, क्षितिजापासून १० अंशांवर धर. त्या वाटेने ३०० किमी उंची गाठायला सुमारे ११५० किमी जावं लागतं. क्षेत्र ०.०१९ व्होल्ट प्रति मीटर. चौरस मीटरला पडणारी शक्ती ट्रॉम्सोच्या सुमारे ९०० पट कमी. म्हणजे ‘डोक्यावरचं’ हा शब्दच चुकला, तो झोत एफ थरात शिरतो तो गोव्याबाहेर हजार-अकराशे किमीवर.

याहून मोठी अडचण अनुस्पंदनाची. हीटिंगला पंपाची वारंवारता तिथल्या प्लाझ्मा वारंवारतेशी भिडावी लागते. तिरपा तरंग तिथवर पोचतच नाही. १० अंशांनी निघालेला तरंग ३०० किमीवर उभ्या रेषेशी ७० अंशांचा कोन करतो, त्याची कोज्या ०.३४. तेव्हा ११ मेगाहर्ट्झचा तरंग ३.७ मेगाहर्ट्झ प्लाझ्मा वारंवारतेच्या थरातच वळून खाली येतो. ११ ला ११ कधी भेटतच नाही.

पण ‘काहीच होत नाही’ असंही लिहू नकोस. खालच्या डी थरात इलेक्ट्रॉनांच्या टकरी भरपूर, तिथे साध्या शोषणानेही थोडी ऊब येते आणि एका केंद्राचा आवाज दुसऱ्याच्या वाहक लहरीवर चढू शकतो. १९३३ साली टेलेगन यांनी नेदरलँडमध्ये स्विस बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकताना त्यामागे लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रम ऐकला. लक्झेंबर्ग परिणाम तो हाच. बेली आणि मार्टिन यांनी पुढच्याच वर्षी त्याची कारणमीमांसा केली. सगळ्या हीटिंग शास्त्राचं मूळ तिथे आहे.

याच धाग्यावर कोणीतरी अलास्कातल्या हार्पने पाऊस पाडल्याचं विचारायच्या आत: हार्पचा हीटर १८० अँटेनांचा, ३.६ मेगावॅटचा, २.७ ते १० मेगाहर्ट्झचा. या लहरी ढग आणि हवा यांतून न शोषता आरपार जातात. सगळी शक्ती लावली तरी २५० किमीवर चौरस मीटरला काही मिलिवॅट पोचतात, आणि वातावरणाच्या माथ्यावर सूर्य चौरस मीटरला १३६१ वॅट ओततो. आपला मान्सून त्यांच्या आवाक्यातला नाही.


शून्यडेसिबल

लघुलहरी काकांच्या गणितात एक पुस्ती. ५.४२३ मेगाहर्ट्झ ही ट्रॉम्सोच्या दोन अ‍ॅरेंच्या सीमेवरची वारंवारता आहे. मोठा अ‍ॅरे ३० डेसिबलचा, झोत साधारण ७ अंशांचा. छोटा २४ डेसिबलचा, झोत साधारण १४ अंशांचा. ६ डेसिबल म्हणजे शक्तीत चौपट फरक. कोणता वापरला ते हीटरच्या नोंदवहीत बघितल्याशिवाय ‘१ गिगावॅट’ लिहू नका. आणि १२ पैकी किती प्रक्षेपक खरोखर चालू होते तेही नोंदवहीतच सापडेल. एखादा मधूनच बंद पडला की शक्ती तर घटतेच, ध्रुवणाची शुद्धताही बिघडते.

शिवाय दिवसा डी थर पंपाची शक्ती वाटेतच खातो, आणि हीटर तो थर तापवून आपलंच शोषण वाढवतो. कागदावरची प्रभावी शक्ती एफ थरात पोचते असं समजू नका.

तिसऱ्या निरीक्षणासाठी साधी कसोटी: एक्स-मोडची चक्रं शोधा. एक्स-मोडचा तरंग खालीच परततो, ओ-मोडच्या अनुस्पंदनाच्या उंचीला पोचत नाही. त्यात घनतावाढ दिसली नाही तर वाढ ओ-मोडची, दिसली तर उपकरणाचा दोष.


झुआरीपार

सर, या शेवटच्या वाक्याशी मात्र सहमत होता येत नाही. एक्स-मोड म्हणजे कोरी पाटी, ही समजूत जुनी झाली. ब्लागोवेशचेन्स्काया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्सोलाच दाखवलंय की प्रभावी शक्ती मोठी असेल तर एक्स-मोडमध्येही क्षेत्ररेषांना समांतर पट्टे तयार होतात, आयन लाइन आणि प्लाझ्मा लाइनही वाढतात. नेमकी ही रुंद उंचीवरची ‘घनतावाढ’ तर एक्स-मोडमध्ये ठळक दिसते. तेव्हा एक्स-मोडमध्ये दिसली म्हणून ती उपकरणाचा दोष ठरत नाही.

मांडवीकाठ, तुमचं तिसरं निरीक्षण खरी घनता नाही असं मला वाटतं. कारण वेळ. ४०० किमीवर ऑक्सिजन आयनांचं पुनर्संयोग व्हायला तास लागतात. वाहून जायचं म्हटलं तर सेकंदाला ५०० मीटर वेगाने ५ सेकंदांत अडीच किमी. दीडशे किमी जाडीचा दुप्पट घनतेचा स्तंभ एका डंपमध्ये नाहीसा होण्याची कुठलीच वाट नाही. जे चालू-बंद होतंय ते प्रकीर्णन किंवा रडारच्या लहरीची वाट, इलेक्ट्रॉनांची संख्या नव्हे.

याचं एक सरळ स्पष्टीकरण रिटव्हेल्ड आणि सीनियर यांनी २०२० मध्ये मांडलं. हीटरने केलेले क्षेत्ररेषांना समांतर पट्टे रडारच्या लहरीला नळीसारखे धरून ठेवतात. बीम क्षेत्ररेषेतच असेल तर झोत नेहमीसारखा फाकत नाही, वरच्या गेटांतून जास्त शक्ती परतते, आणि प्रोग्राम तिला घनता म्हणतो. हे पट्टे नाहीसे झाले की नळीही गेली.

तपासायचं असं. बीम क्षेत्ररेषेपासून दोनतीन अंश हलवलेली चक्रं असतील तर ती शोधा. नळीचा परिणाम क्षेत्ररेषेच्या दिशेतच असतो, बाजूला तो पडायला हवा. दुसरं, स्पेक्ट्रमचा आकार बघा. सगळ्या वारंवारता सारख्या प्रमाणात वाढल्या असतील आणि खांदे जागच्या जागी असतील तर वाट बदलली. सुया उभ्या असतील तर लहरी वाढल्या. तिसरं, वरच्या थराची नैसर्गिक प्लाझ्मा लाइन नोंदली गेली असेल तर खटलाच संपला: घनमीटरला २ × १०^११ ला ती उष्णतेची भर सोडून ४ मेगाहर्ट्झला असते, घनता खरोखर दुप्पट झाली तर ५.७ ला सरकायला हवी. शक्ती दुप्पट आणि रेषा जागेवर, असं दिसलं तर घनता वाढलेली नाही.

आणि पट्टे खरंच होते का, हे विचारायला वेगळा साक्षीदार आहे. फिनलंडमधल्या हान्कासाल्मीचा, सुपरडार्न या लघुलहरी रडारांच्या जाळ्यातला रडार. त्याची लहर तिरपी वळत ट्रॉम्सोच्या वर क्षेत्ररेषेला काटकोनात भिडते. १० मेगाहर्ट्झला तो १५ मीटरचे पट्टे बघतो. त्याच चक्रांत तिथे प्रतिध्वनी उभा असेल तर नळीला लागणारं साहित्य हजर होतं एवढं नक्की.


शून्यडेसिबल

ताईंची दुरुस्ती मान्य. एक्स-मोडबद्दल मी लिहिलं ते कमी शक्तीला लागू आहे, इथे नाही. ‘दिसली तर उपकरणाचा दोष’ हे वाक्य मांडवीकाठ यांनी वहीत उतरवलं असेल तर खोडावं.


मांडवीकाठ

सगळ्यांना देव बरें करूं. काल रात्री बसून केलं ते सांगते.

दोन्ही आलेखांत उंचीच होती. बंद काळातल्या फिटवरून घनतेचा चढ ४६ किमी आला. ताईंच्या रीतीने फरक ५.१ किमी निघतो, डेटात दोन गेट, म्हणजे जुळलं. नोंदवहीप्रमाणे छोटा अ‍ॅरे होता आणि १२ पैकी ११ प्रक्षेपक, त्यामुळे माझा शक्तीचा आकडा चौपटीहून जास्त चुकला होता, तो सुधारला. तिसऱ्या निरीक्षणात स्पेक्ट्रमचे खांदे हललेले नाहीत, नुसती शक्ती वाढलेय. प्लाझ्मा लाइन त्या उंचीला नोंदलेली नाही.

दोन शंका उरल्या. एका चक्रात ४१० किमीला एकाच डंपमध्ये एकाच गेटमध्ये प्रचंड शक्ती आहे, ते काय? आणि ४-४ मिनिटांचं चक्र पुरेसं मानायचं का? तापमानाची तुलना मी आधीच्या पूर्ण बंद काळाच्या सरासरीशी केलेय.


झुआरीपार

४१० किमीचा तो उपग्रह किंवा अवकाश-कचरा. एक गेट, एक डंप, अरुंद स्पेक्ट्रम आणि डॉपलर भलताच, हीच त्याची खूण. तो डंप त्या गेटपुरता टाका. मात्र कोड उलगडताना अशा जोरदार लक्ष्याचं पाणी शेजारच्या गेटांतही झिरपतं, म्हणून खालीवरची काही गेटही त्या डंपमध्ये वापरू नका. याच जोडीला ध्रुवप्रकाश असताना क्षेत्ररेषेच्या दिशेत आयन-ध्वनीचे खांदे हीटरशिवायही आपोआप वाढतात. ते हीटरच्या चालू-बंदला जुमानत नाहीत, त्यामुळे वेगळे काढणं सोपं आहे. संशय आला तर बंद काळातही तसलं काही दिसतं का बघायचं.


शून्यडेसिबल

चक्राबद्दल. इलेक्ट्रॉन तापमान हीटर बंद झाल्यावर एका मिनिटाच्या आतबाहेर मूळ पातळीला येतं, म्हणून ४ मिनिटांची विश्रांती तापमानापुरती पुरते. पट्ट्यांना ती पुरेलच असं नाही. पट्टा जितका रुंद तितका तो सावकाश विरतो. काही मीटरचे सेकंदांत जातात, शेकडो मीटरचे मिनिटं घेतात. म्हणून दुसऱ्या चक्रापासून पुढची सगळी चक्रं आधीच मशागत झालेल्या जमिनीवर सुरू होतात. अशा जमिनीवर पट्टे लवकर उठतात आणि पहिल्या डंपमधला तुमचा तो चढ बुटका होतो. पहिलं चक्र, आणि मोठ्या खंडानंतरचं कुठलंही चक्र, बाकीच्यांत मिसळू नका. वेगळ्या रंगात काढा.

तुलनेसाठी संपूर्ण बंद काळाची सरासरी घेऊ नका. तिच्यात थंड होण्याचं पहिलं मिनिट मिसळतं आणि आधारपातळी उगाच वर जाते. बंद काळातली शेवटची दोन मिनिटं घ्या, आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही बंद काळांतली, आणि त्यांच्यामध्ये सरळ रेषा टाकून चालू काळातली पातळी काढा. संध्याकाळी आयनांबर स्वतःच मिनिटागणिक उतरत असतं. एकाच बाजूच्या बंद काळाशी तुलना केलीत तर ती नैसर्गिक उतरण हीटरच्या नावावर जमा होते.

शेवटी वारंवारता. ट्रॉम्सोवर एफ थरात इलेक्ट्रॉनची चक्रगती (क्षेत्ररेषेभोवती फिरण्याची वारंवारता) सुमारे १.३५ मेगाहर्ट्झ, तिची चौपट ५.४. तुमचा ५.४२३ त्या चौथ्या गुणकाला खेटून आहे. नेमक्या गुणकावर पट्टे तयार होण्यात अडथळा येतो, आणि चक्रगती उंचीप्रमाणे घटत असल्याने परावर्तनाची उंची १०-१५ किमी हलली तरी तुम्ही गुणकाच्या या बाजूचे त्या बाजूला जाता. काही चक्रांत वरची ‘घनतावाढ’ आहे आणि काहींत नाही, असं तुम्ही तिसऱ्या निरीक्षणात म्हटलंय. प्रत्येक चक्राची परावर्तन उंची आयनोसाँडवरून काढा, त्या उंचीला चक्रगतीची चौपट किती येते ती चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाण प्रतिमानावरून काढा, आणि तिच्यापासून ५.४२३ किती किलोहर्ट्झ दूर आहे ते आडव्या अक्षावर घेऊन वाढ मांडा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आलेख आला की इथे टाका.